माळावरची निळी पाटी

(साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



मागच्या बुधवारची गोष्ट. वर्ग सुटला होता. आम्ही फळा पुसत होतो. तेवढ्यात पहिल्या रांगेत बसणाऱ्या आजी जवळ आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, माळावर थे निळी पाटी हाय ना, थे म्या आज वाचली."

आम्हाला फार आनंद झाला. ती पाटी कित्येक वर्षे तिथे उभी आहे. तिच्या खांबाला शेळ्या बांधतात. तिच्या सावलीला गुराखी बसतात. वाचली कोणी नव्हती. आम्ही विचारले, "काय लिहिलंय, आजी?"

आजींनी डोळे मिटून अक्षरे आठवली. "सं-र-क्षि-त स्मा-र-क. वाचलं खरं, गुरुजी, पन अर्थ नाई लागला. स्मारक तं मोठ्या मानसाचं रायते. इथं कोनाचं हाय?"

मागे उभे असलेले आपले एक शेतकरी बंधू हसले. ते म्हणाले, "कोनाचं नाई, आजी. गोटे हायेत नुसते. गोल गोल मांडलेले. मी तं यंदा थे उचलून धुऱ्याले लावतो म्हनलं. फुकटचे गोटे कायले सोडा?"

त्या रात्री आम्ही काही बोललो नाही. उशीर झाला होता, हे एक कारण. दुसरे कारण शेवटी सांगू. पण आजींच्या प्रश्नाचे आणि त्या बंधूंच्या प्रश्नाचे उत्तर एकच आहे. ते आज द्यायचे आहे.

त्यासाठी आपल्याला फार लांब जावे लागेल. तुम्ही म्हणाल, गोटे आपल्या माळावरचे, मग लांब कशाला? लांब अशासाठी, की तिथेही असेच गोटे होते. ते नेणारेही होते. मग कोणीतरी त्यांना हात लावू दिला नाही, आणि पुढे त्यातून काय निघाले ते साऱ्या जगाने पाहिले. आपल्या माळाची गोष्ट अजून अर्धीच आहे. तिथली बरीचशी पुरी झाली आहे. पुरी झालेली गोष्ट सांगायला सोपी जाते.

ही भिंतीवर लावलेली चित्रे पहा. आमचा एक जुना विद्यार्थी आयर्लंड देशात दवाखान्यात नोकरी करतो. त्याने ती पाठवली आहेत. इंग्लंडच्या पलीकडे समुद्रात आयर्लंडचे बेट आहे. पाऊस फार, गवत हिरवेगार, गाई पुष्कळ. डब्लिन ही तिथली राजधानी. डब्लिनच्या उत्तरेला सुमारे ५० किलोमीटरवर बॉइन नावाची नदी एक मोठे वळण घेते. त्या वळणात जवळजवळ तीन मोठे ढिगारे आहेत. एकाचे नाव न्यूग्रेंज, दुसऱ्याचे नाउथ, तिसऱ्याचे डाउथ. न्यूग्रेंज हे नाव लक्षात ठेवा. बाकीची दोन मध्ये येतील तेव्हा सांगूच.

न्यूग्रेंज लांबून टेकडीसारखे दिसते. वर गवत वाढले आहे. पण ही देवाने केलेली टेकडी नव्हे. ती माणसांनी रचली. घेर एवढा, की खाली एक एकराहून जास्त जमीन गेली आहे. उंची सुमारे ४० फूट. पायथ्याला सभोवार ९७ मोठाल्या शिळा एकीला एक लावून बसवल्या आहेत. साऱ्या टेकडीत मिळून दोन लाख टन दगडमाती असावी असा अंदाज सांगतात.

हे केव्हा झाले? आजपासून सुमारे ५,२०० वर्षांपूर्वी. तुम्ही इजिप्तच्या पिरॅमिडचे चित्र पाहिले आहे. तो मोठा पिरॅमिड बांधला गेला त्याच्या सहाशे वर्षे आधी न्यूग्रेंज उभे होते. आपल्याकडे सिंधू नदीच्या काठी हडप्पा आणि मोहेंजोदडो ही मोठी नगरे भरभराटीला आली, तीही यानंतर.

बांधणारे कोण? राजे-महाराजे होते की नाही, यावर पंडितांचे अजून भांडण आहे. पण शेतकरी होते हे नक्की. गहू आणि जव पेरीत, गुरे पाळीत. त्यांच्याजवळ लोखंड नव्हते. तांबेही नव्हते. कुऱ्हाड दगडाची, घासून घासून गुळगुळीत केलेली. या काळाला नवाश्मयुग म्हणतात. अश्म म्हणजे दगड. दगडाच्या हत्यारांचा हा शेवटचा, नवा काळ. गाडीचे चाक त्यांना ठाऊक नव्हते. म्हणजे बंडी नाही, पहार नाही, सुतकी नाही. अशा लोकांनी कित्येक टन वजनाच्या शिळा लांबून ओढत आणल्या. दर्शनी बाजूला पांढऱ्या गारगोट्या होत्या. त्या दक्षिणेकडच्या विक्लोच्या डोंगरांतल्या आहेत असे म्हणतात, आणि ते डोंगर तिथून कितीतरी कोस लांब. आपण नदीवरून वाळूची एक गाडी आणायची म्हटली तर चार जणांच्या मिनतवाऱ्या करतो!

आता आत जाऊ. दारासमोर एक मोठी शिळा आडवी पडली आहे. तिच्यावर दिवाळीच्या चकलीसारखी वेटोळी कोरली आहेत. दगडाने दगड टोचून केलेले काम. दारातून आत एक अरुंद बोळ जातो. दोन्ही बाजूंना उभ्या शिळा. सुमारे ६२ फूट लांब. अंगाने जाड माणूस असेल तर मध्ये एका ठिकाणी तिरपे व्हावे लागते, असे आमच्या विद्यार्थ्याने कळवले आहे. शेवटी गाभारा. आपल्या देवळातल्या गाभाऱ्यासारखाच अंधारा आणि थंड. त्याला तीन बाजूंना तीन कोनाडे. कोनाड्यात दगडी परात. तिथे मेलेल्या माणसांची हाडे ठेवलेली होती. काही जळलेली, काही तशीच. म्हणून या टेकडीला थडगे म्हणतात.

पण त्या गाभाऱ्याचे छत! यावर आम्ही थोडे जास्त बोलणार आहोत, कारण इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांची घरे पावसाळ्यात गळतात. आमचेही गळते.

छत रचले आहे ते असे. दगडाचा एक थर ठेवला. त्यावरचा थर थोडा आत सरकवून ठेवला. त्यावरचा आणखी थोडा आत. असे करत करत वर तोंड लहान होत गेले, आणि शेवटी एका शिळेने झाकले. उंची सुमारे २० फूट. चुना नाही, सिमेंट नाही. दगडांच्या फटींत जळलेली माती आणि समुद्राची वाळू ठासून भरली. वरच्या शिळांना पाठीमागून बारीक पन्हळी कोरल्या, म्हणजे मुरलेले पाणी आत न ठिबकता बाजूला वाहून जावे. आयर्लंडात पाऊस बारमाही. ५,२०० वर्षे झाली, छत पडले नाही आणि गाभारा अजून कोरडा आहे.

त्याच फटींतल्या जळक्या मातीत कोळशाचे कण सापडले. कोळशाची परीक्षा करून तो किती जुना हे सांगता येते. टेकडीचे वय कळले ते अशा कणांवरून. पहा बरे, चिमूटभर काजळी! कोणी 'साफसफाई' करून ती खरवडून टाकली असती तर वय कळायचा मार्ग गेला असता.

पुढे तिथले लोक बदलले. थडगे बांधणारे गेले, दुसरे आले, तिसरे आले. पायथ्याची माती आणि दगड घसरून दार बुजले. आत गाभारा आहे हे कोणाला ठाऊक राहिले नाही. मात्र ही जागा जुन्या देवांची आहे, एवढी समजूत लोकांत राहिली. कोणी बाहेर सोन्याचे दागिने ठेवून गेले. कोणी रोमन बादशहांची नाणी ठेवून गेले. ही नाणी बांधकामानंतर तीन हजारांहून अधिक वर्षांनी आलेली. तुमच्याआमच्या गावात झाडाखालच्या शेंदऱ्या दगडाला जसे कोणी हात लावीत नाही, तसेच तिथे होते. शहाणे लोक त्याला अडाणीपणा म्हणतील. आम्ही शाळेत मुलांना तसेच शिकवले. पण खरे सांगायचे तर साडेचार हजार वर्षे ती टेकडी राखली ती या भीतीनेच.

१६९९ साली भीती संपली. जमीन त्या वेळी चार्ल्स कॅम्पबेल नावाच्या गृहस्थांकडे होती. त्यांना रस्त्यासाठी दगड हवे होते. समोर दगडांचा डोंगर, तोही आपल्याच जमिनीत! मजूर लावले. दगड काढता काढता ती वेटोळ्यांची शिळा उघडी पडली आणि मागे बोळाचे तोंड दिसले. त्याच सुमारास एडवर्ड ल्हुईड नावाचे एक विद्वान तिकडून प्रवास करीत होते. त्यांनी आत जाऊन जे पाहिले ते पत्रांत लिहून ठेवले. हे झाले ते बरे झाले. पण दार उघडले ते उघडलेच. पुढची पावणेदोनशे-दोनशे वर्षे जो येईल तो आत गेला. कोणी शिळांवर आपले नाव कोरले. कोणी हाताला लागेल ते उचलून नेले. काय काय नेले याची यादी कोणीच ठेवली नाही.

नुकसान किती झाले ते शेजारच्या नाउथच्या टेकडीवरून समजते. तिच्यातले दोन मोठे बोळ १९६७ आणि १९६८ साली सापडले, तेही सावकाश, नीट खणणाऱ्या अभ्यासकांना. तिथे शंभरावर माणसांच्या अस्थी मिळाल्या. १९८२ साली चकमकीच्या दगडाचे एक कोरलेले गदेचे डोके मिळाले. इतके नाजूक काम, की पाहणारा थक्क होतो. न्यूग्रेंजमध्ये, जिथे दार आधीच उघडे पडले, तिथे मोजून पाच माणसांची थोडी हाडे, काही मणी, हाडाच्या टाचण्या आणि दगडाच्या गोट्या एवढेच उरले होते. आणि तिसरी टेकडी, डाउथ? ती १८४७ साली शिकल्यासवरलेल्या लोकांनीच खणली. घाईने, मधोमध. आत काय आहे ते पाहायची हौस. तिच्या माथ्यावर पडलेला खड्डा आजही तसाच आहे. तेव्हा अडाणी माणूसच नासधूस करतो असे समजू नका.

आता कायद्याची गोष्ट, थोडक्यात. इंग्लंडात जॉन लबक नावाचे एक सावकार होते. पेढीवाले, आणि पार्लमेंटचे सभासद. त्यांना जुन्या अवशेषांचा नाद. एव्हबरी नावाच्या गावी मोठे शिळावर्तुळ आहे. तिथले लोक शिळा फोडून घरे बांधीत. १८७१ साली त्या वर्तुळात घरे बांधण्यासाठी जमिनीचे तुकडे विकायला निघाले. लबकांनी पदरचे पैसे घालून जमीनच विकत घेतली. मग त्यांच्या लक्षात आले, की एकटा माणूस किती जमिनी घेणार? त्यांनी पार्लमेंटात कायदा मांडला. तो वर्षानुवर्षे फेटाळला गेला. विरोधक म्हणत, माझ्या जमिनीत माझा दगड, सरकारचा काय संबंध? आपले शेतकरी बंधू ऐकत आहेत ना? तुमचाच प्रश्न विलायतेच्या पार्लमेंटात गाजला होता! शेवटी १८८२ साली कायदा झाला. त्याच्या यादीत आयर्लंडातल्या या तिन्ही टेकड्या होत्या. न्यूग्रेंज सरकारच्या देखरेखीखाली आले.

आजी, 'संरक्षित' शब्दाचा पहिला अर्थ हा. मालक कोणीही असो, आता ही वस्तू मोडायचा हक्क कोणाला नाही.

पण कुंपण घातले आणि झाले, एवढेच असते तर आम्ही इतका वेळ घेतला नसता. खरी गंमत पुढेच आहे.

१९६२ साली कॉर्क शहरातले प्राध्यापक मायकेल ओकेली यांनी न्यूग्रेंजचे नीट उत्खनन सुरू केले. ते १९७५ पर्यंत चालले. त्यांच्या पत्नी क्लेअर यांनी एकेका कोरीव शिळेचे चित्र काढून नोंद केली. शिळा हलवून पाहिल्या तेव्हा काहींच्या मागच्या बाजूलाही कोरीव काम निघाले. म्हणजे जे कोणाला कधी दिसणार नव्हते तेही कोरले होते. कोणासाठी कोरले असेल, याचा आम्ही अनेकदा विचार करतो.

दाराच्या वर एक चौकोनी झरोका होता. आधी तो बुजलेला होता, नुसती एक कोरीव कड दिसे. ओकेलींनी तो मोकळा केला. झरोक्यात गारगोटीचा एक चौकोनी दगड बुचासारखा होता. तो वारंवार आतबाहेर सरकवल्याचे ओरखडे खालच्या शिळेवर होते. दार आहे, मग वर झरोका कशाला?

गावातले लोक सांगत, की वर्षातून एकदा ऊन आतपर्यंत जाते. ऐकीव गोष्ट. पाहिलेला कोणी नव्हता. ओकेलींनी ती हसण्यावारी नेली नाही. त्यांनी विचार केला, दाराचे तोंड आग्नेयेकडे आहे. आग्नेयेला सूर्य उगवतो तो ऐन हिवाळ्यात. मग वर्षातला सर्वांत लहान दिवस पाहावा. आपल्याकडे नागपूरला तो दिवस सुमारे पावणेअकरा तासांचा असतो. डब्लिनला फक्त साडेसात तासांचा. त्यानंतर सूर्य परत उत्तरेकडे वळतो आणि दिवस वाढू लागतो. आपण उत्तरायणाचा सण संक्रांतीला, जानेवारीत करतो, पण सूर्य खरा वळतो तो २१-२२ डिसेंबरला.

१९६७ सालचा २१ डिसेंबर. ओकेली अंधारात मोटार हाकीत आले. बोळातून आत जाऊन एकटेच गाभाऱ्यात बसले. बाहेर कडाक्याची थंडी. नऊ वाजायला दोन-चार मिनिटे असतील. सूर्य समोरच्या डोंगरावर आला, आणि झरोक्यातून उन्हाची एक बारीक रेघ आत शिरली. बोळाची जमीन आत जाताना हळूहळू चढत गेली आहे, ती इतकी, की गाभाऱ्याची जमीन दारावरच्या झरोक्याच्या पातळीला येते. म्हणून ती रेघ जमिनीवरून सरकत सरकत थेट गाभाऱ्यात पोचली. मग रुंदावली. सारा गाभारा उजळला. छत दिसू लागले. सुमारे सतरा मिनिटांनी रेघ पुन्हा बारीक झाली आणि तुटली.

इतक्या वर्षांनंतर हे पाहून लिहून ठेवणारा तो पहिला माणूस.

लोखंड नसलेल्या, अक्षर नसलेल्या शेतकऱ्यांनी सूर्य कुठल्या दिवशी कुठल्या जागी उगवतो हे बघून ठेवले होते. एकदा नव्हे, कित्येक वर्षे. मग त्या एका रेघेसाठी दोन लाख टन दगड रचले. मेलेल्या माणसांजवळ, वर्षातल्या सर्वांत काळ्या दिवसांत, ऊन पोचावे म्हणून. त्यांच्या मनात नेमके काय होते हे त्यांनी लिहून ठेवले नाही, कारण त्यांना लिपी नव्हती. त्यांचे जे काही लिहिणे होते ते दगड मांडण्यात होते. एक शिळा हातभर सरकली असती तर ऊन अडले असते. कॅम्पबेलसाहेबांच्या मजुरांनी आणखी आठवडाभर दगड काढले असते, तर झरोका रस्त्यात गेला असता. वर डांबर.

आता हे पाहायला लोक लोटतात. डिसेंबरातल्या त्या चार-सहा सकाळी आत मोजक्याच माणसांना जागा मिळते, म्हणून चिठ्ठ्या टाकतात. हजारो अर्ज येतात. एरवी वाटाडे लहान लहान गट आत नेतात, दिवे मालवतात आणि विजेच्या दिव्याने ती रेघ दाखवतात. आमच्या विद्यार्थ्याने तीच पाहिली. तो लिहितो, "गुरुजी, दिवा होता हे माहीत होतं, तरी अंगावर काटा आला."

सगळेच चांगले झाले असे मात्र नाही. दर्शनी भागाच्या पडलेल्या गारगोट्या उचलून ओकेलींनी जवळजवळ उभी पांढरी भिंत रचली, मागे काँक्रीट घालून. पूर्वी ती तशी होती याबद्दल पुष्कळांना शंका आहे. आमचे मत विचाराल, तर पडलेले पडलेले ठेवायला हवे होते. देखणेपणासाठी एवढी घाई कशाला?

आणि अजून गोष्ट संपलेली नाही. २०२० साली शास्त्रज्ञांनी तिथल्या एका पुरुषाच्या हाडातून त्याचे कूळ शोधले. त्याचे लांबचे नातेवाईक बेटाच्या पश्चिम भागातल्या थडग्यांत निघाले! पाच हजार वर्षांपूर्वीची सोयरीक. १९६० च्या सुमारास असे काही करता येईल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. हाड जपून ठेवले होते म्हणून विचारता आले.

आता आपल्या माळाकडे परत येऊ.

आपले गोटे नवाश्मयुगातले नाहीत. ते पुष्कळ अलीकडचे, सुमारे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचे. तेव्हा विदर्भात लोखंड आले होते. पण तीही थडगीच आहेत. गोल शिळा मांडायच्या, मध्ये माणसाच्या अस्थी, मडकी, हत्यारे ठेवायची, वर मुरूम आणि गोटे टाकून उंचवटा करायचा. नागपूरजवळ जुनापाणीला अशी सुमारे तीनशे वर्तुळे आहेत. १९ व्या शतकात रिव्हेट-कारनॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यातली काही खणली. काही शिळांवर वाटीसारखे खळगे ओळीने केलेले त्याला दिसले. असेच खळगे ब्रिटनमधल्या जुन्या शिळांवर आहेत, असे त्याने लिहिले. दोन्हीकडचे लोक एकच असावेत, असा तर्क त्या काळी काही जण करीत. आज तसे कोणी मानत नाही. माणूस तिथेही माणूस, इथेही माणूस, आपल्या मेलेल्यांना दोघेही दगडांनी वेढतात, एवढेच. जुनापाणीला १९६१-६२ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केले. पुढे माहुरझरीला घोडे पुरलेले निघाले, घोड्याच्या तोंडावर तांब्याचा साज. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टीच सापडली. म्हणजे आपल्या या भागात तेव्हा घोडेस्वार होते आणि लोहार होते. हे कुठल्या पोथीत लिहिलेले नाही. या गोट्यांनी सांगितले.

आपल्याकडे १९०४ साली असा कायदा झाला, आणि स्वतंत्र भारताचा १९५८ साली. २०१० साली तो आणखी कडक केला. संरक्षित जागेपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. त्यापुढे आणखी २०० मीटर परवानगी लागते. स्मारक मोडले तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे आम्ही धाक घालायला सांगत नाही. पाटीवर खालच्या बारीक अक्षरांत तेच लिहिले आहे. आजी, पुढच्या महिन्यात तुम्ही तेही वाचाल.

त्या रात्री आम्ही गप्प का राहिलो, ते आता सांगतो.

१९८४ साल. आम्ही नोकरीत नवे होतो. दुसऱ्या एका गावी शाळा होती. ओट्याला आणि कुंपणभिंतीला पैसे अपुरे पडले. गावाबाहेर माळावर अशीच गोट्यांची वर्तुळे होती. पाटी नव्हती. आम्ही मोठ्या वर्गातली मुले घेतली, गावातून दोन बंड्या मागितल्या, आणि तीन दिवसांत दोन वर्तुळांचे गोटे शाळेत आणले. भरावाला मुरूम हवा होता, म्हणून मधला उंचवटाही खणला. मडकी निघाली. आतून काळी, बाहेर लाल. मुलांनी नेम धरून फोडली. आम्ही हसत उभे होतो. गंजलेल्या लोखंडाचे काही होते, ते भरावात टाकले. काही हाडांचा चुरा निघाला, तोही मुरुमाबरोबर गेला. पुढे तपासणीला साहेब आले. ओटा पाहून खूश झाले. शेरेबुकात आमच्या नावे शाबासकीचा शेरा लिहिला.

कितीतरी वर्षांनी आम्ही मुलांची सहल घेऊन एका प्रदर्शनात गेलो. काचेच्या पेटीत तसेच मडके होते. आतून काळे, बाहेर लाल. शेजारी लोखंडी कुऱ्हाड. खाली चिठ्ठी होती, ती एका मुलाने मोठ्याने वाचली. आम्ही बाहेर जाऊन पायरीवर बसलो.

निवृत्त झाल्यावर त्या शाळेत एकदा जाऊन आलो. ओटा भक्कम आहे. पायरीच्या एका गोट्यावर ओळीने सात खळगे आहेत. तेव्हा आमच्या ते ध्यानातच आले नव्हते. मुली त्यात चिंचोके टाकून खेळत होत्या. ते गोटे कुठल्या माळावरचे, हे आम्ही कागदावर लिहून पुरातत्त्वाच्या कचेरीला टपालाने पाठवले. पण कुठला गोटा कुठे होता, हे आता आम्हालाही सांगता येत नाही. ती दोन वर्तुळे परत मांडता येणार नाहीत.

तेव्हा, भाऊ, तुम्हाला धुऱ्यासाठी गोटे हवेत, गरज खरी आहे. पावसात माती वाहून जाते. नाल्यात गोटे पुष्कळ आहेत. लांब पडेल, दोन दिवस जास्त लागतील. एक बंडीचे भाडे आमच्याकडे. आम्हीही येऊ. वयामुळे मोठे उचलणार नाहीत, लहान देऊ. वावर पाटीपासून किती अंतरावर आहे, तेही टेप धरून मोजू आणि आधी कचेरीत विचारू.

पुढच्या बुधवारी वर्ग इथे भरणार नाही. दुपारी चार वाजता सगळ्यांनी माळावर पाटीजवळ यावे. वही आणि पेन्सिल आणावी. शेळ्या दुसरीकडे बांधाव्यात. प्रत्येकाने एकेका वर्तुळाचे गोटे मोजायचे आणि आकडा आपल्या हाताने वहीत लिहायचा. कुठल्या गोट्यावर खळगे दिसले तर तेही मोजायचे. गोटा उलटून पाहायचा नाही.